‘तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं?’ या रकान्यात तुम्ही कोणाचं नाव लिहिता?

तिसरा_मजला (सोमवार, रात्री ११:४०)

परवा पोटाच्या दुर्बिणीच्या तपासणीची तारीख घ्यायला गेले होते. अर्ज भरत भरत शेवटच्या पानावर आले. नाव, वय, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, सगळं झालं. मग आला हा रकाना. आईचा नंबर लिहिला. काउंटरवरच्या बाईंनी वाचून विचारलं, “या इथेच असतात का? गुंगीचं इंजेक्शन देतो, त्यामुळे एकटीला घरी सोडत नाही आम्ही. सोबत कोण येणार?” म्हटलं, बघते.

बाकावर जाऊन बसले, फोन काढला आणि ‘अ’पासून सुरुवात केली. एकूण ६१२ नंबर. त्यात ‘प्लंबर जुना’, ‘प्लंबर नवा’, ‘निळी गाडी पार्किंग’, सोडलेल्या तीन नोकऱ्यांमधली माणसं, आणि दोन नंबर कोणाचे ते आठवेचना. ‘ह’पर्यंत पोचले आणि उठून तारीख तीन आठवडे पुढे ढकलून घेतली. म्हटलं तोवर काहीतरी होईल.

मी माणूसघाणी नाही हो. या शहरात चार वर्षं झाली. वाढदिवसाला ८४ जणांनी शुभेच्छा पाठवल्या, ऑफिसात सगळ्यांशी हसूनखेळून असते. पण ‘जरा अर्धा दिवस रजा टाकून माझ्यासोबत चल गं’ असं म्हणता येईल असं एक माणूस सापडेना. आईला बोलावलं तर ती रात्रीचा प्रवास करून येईल आणि पुढचे सहा महिने लग्नाचा विषय काढेल.

तर विचारायचंय ते हे: ओळख आणि ‘चल गं’ म्हणता येण्याइतकी ओळख, यांच्यामधलं अंतर तुम्ही कसं कापलंत? ‘छंद जोपासा’ सोडून काहीही सांगा.

जुना_खांब (११:५२)

मी बायकोचं नाव लिहितो. ती तिच्या अर्जावर बहिणीचं लिहिते. (हलके घ्या.)

रातपाळी (मंगळवार, पहाटे ३:१५)

प्लंबर वाचून हसू आलं. तुमच्याकडे दोनच आहेत, माझ्याकडे तीन आहेत. आत्ताच मोजले.

माझी नोकरी रात्रीची. जग कामावर जातं तेव्हा मी झोपतो, जग घरी येतं तेव्हा मी निघतो. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी उठून पहिला शब्द बोलायला गेलो की आवाजच फुटत नाही, घसा खाकरावा लागतो. कारण त्याआधी वीस-बावीस तास कोणाशी बोललेलोच नसतो. समोरच्या इमारतीत एकेका खिडकीत दिवे लागतात, भांड्यांचे आवाज येतात, तो एक तास सगळ्यात वाईट. उत्तर माझ्याकडे नाही. रुमाल टाकून ठेवतो, वाचतोय.

एकांतप्रिय (मंगळवार, सकाळी ९:०५)

मला या विषयाचा उगाच बाऊ केल्यासारखा वाटतो. मी अकरा वर्षं एकटा राहतो आणि मजेत आहे. पुस्तकं आहेत, चालणं आहे, कोणाची कटकट नाही. आजकाल माणसांना दहा मिनिटं स्वतःसोबत बसवत नाही, आणि मग त्याला ‘समस्या’ म्हणायचं.

कडूबोल (९:४०)

@एकांतप्रिय, आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत ते उगाच नाहीत. एकांत लोक मागून घेतात, त्यासाठी दार बंद करून बसतात. ताईंच्या वाट्याला जे आलंय ते त्यांनी मागितलेलं नाही. आणि तुम्हाला कधी गुंगीचं इंजेक्शन द्यायची पाळी आली, तर घरी कोण आणणार? पुस्तकं?

एकांतप्रिय (१०:०२)

टॅक्सी.

कडूबोल (१०:०४)

टॅक्सीवाल्याच्या ताब्यात देत नाहीत हो. नीट वाचा की वरचं.

आकडेमोड (दुपारी १:३०)

जरा लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर खाली सरका.

१९७३ मध्ये रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एकाकीपणाचे दोन प्रकार मांडले. एक म्हणजे जवळचं, मनातलं सांगावं असं माणूस नसणं. दुसरा म्हणजे आपण ज्यांच्यात मोडतो असा गोतावळाच नसणं. एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून छान संसार असलेला माणूसही नव्या शहरात एकाकी असू शकतो, आणि दर शनिवारी वीस जणांच्या घोळक्यात असणाराही. धागाकर्त्यांची अडचण पहिल्या प्रकारची दिसते, आणि त्यांना सल्ले मात्र दुसऱ्या प्रकारचे मिळतात: क्लास लावा, ग्रुप जॉइन करा.

आता अंतर किती? जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने २०१८ मध्ये हे चक्क तासांत मोजलं. नुकतेच नव्या ठिकाणी राहायला गेलेले लोक आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं घेतली. तोंडओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावा इतका व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. यातली मेख अशी की शेजारी बसून नुसतं काम केल्याचे तास फारसे धरले जात नाहीत. थट्टामस्करी, ख्यालीखुशाली, निवांत बसणं यातले तास लागतात. म्हणजे ऑफिसात चार वर्षं काढूनही खातं जवळपास रिकामंच.

आणि @एकांतप्रिय, बाऊ म्हणाल तर ब्रिटनने २०१८ मध्ये या विषयासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातला दर सहावा माणूस एकाकी असल्याचं म्हटलंय.

कडूबोल (१:४५)

२०० तास! आठवड्याला दोन तास भेटलं तर दोन वर्षं झाली. ताईंची तारीख तीन आठवड्यांवर आहे.

जुना_खांब (१:५१)

जपानच्या मंत्र्यांना विचारा येतात का सोबत.

दोनपिशव्या (४:२०)

बाळ झोपलंय तोवर पटकन लिहिते. आकडेमोड यांचा ‘दोन प्रकार’वाला मुद्दा मला पटला. घरात आम्ही पाच जण. दिवसभर एक सात महिन्यांचा जीव अंगाला चिकटलेला असतो, एकटं असं मला पाच मिनिटं मिळत नाही. तरी संध्याकाळपर्यंत वाटतं की आज माझ्याशी कोणी बोललंच नाही. सगळे बाळाबद्दल बोलतात.

बागेत एक बाई रोज भेटायची. तिचं बाळही एवढंच. आम्ही दोन महिने नुसत्या हसायचो, ‘दात आले का?’ एवढंच. मला रोज वाटायचं नंबर मागावा, आणि रोज वाटायचं, तिला काय वाटेल, चिकट आहे ही बाई. शेवटी एकदा पाऊस आला, दोघी एका शेडखाली अडकलो, आणि ती म्हणाली, मी केव्हापासून तुमचा नंबर मागायचा म्हणतेय.

उठलं. नंतर येते.

आकडेमोड (४:४८)

@दोनपिशव्या, याचाही अभ्यास झालाय. २०१८ चाच. अनोळखी माणसांच्या गप्पा झाल्यावर दोघांना वेगवेगळं विचारलं: समोरच्याला तुम्ही कितपत आवडलात? लोक सरसकट कमी अंदाज करतात. दोघंही मनात म्हणत असतात, मी बोअर केलं असणार.

जुना_खांब (४:५५)

आकडेमोड, तुमच्याशी बोलताना मला असं कधी वाटलं नाही. मला कायम खात्री असते की बोअर तुम्हीच करताय. हलके घ्या.

धावपळ (रात्री ८:१०)

‘ग्रुप जॉइन करा’ या सल्ल्याने पोळलेला मी. पळणाऱ्यांच्या एका गटात चार महिने गेलो. पहाटे साडेपाचला पन्नास माणसं जमायची, पळायची, हाताच्या घड्याळाचा फोटो काढायची आणि सातला गायब. एकालाही माझं नाव माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही, पळताना बोलणार काय, धापा टाकत?

मग एका सायकल दुरुस्तीच्या शेडवर जायला लागलो, दर गुरुवारी. सहा-सात जणच असतो. एकाने चाक धरायचं, दुसऱ्याने स्पोक आवळायचे. हात कामात असले की माणसं बोलतात, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नसल्यामुळे जरा खरंही बोलतात. एकजण डिरेलरचा नट शोधता शोधता म्हणाला, ‘वडील गेले मागच्या आठवड्यात.’ कोणी काही बोललं नाही. शेजारच्याने नट शोधून त्याच्या हातात दिला आणि त्या दिवशी शेड नेहमीपेक्षा तासभर उशिरा बंद झाली. पळण्याच्या गटात हे झालं नसतं.

तेव्हा माझा निकष सांगतो: तीच माणसं, तीच वेळ, आणि न गेलो तर कोणाच्या तरी लक्षात यायला हवं. पन्नास जणांत ते येत नाही.

रातपाळी (बुधवार, पहाटे २:५०)

@धावपळ, गुरुवारी किती वाजता? आणि रात्री दोनला चालू असणारी शेड कुठे असते?

चौकट_ब (सकाळी १०:३०)

माझं मत जरा वेगळं आहे, बोलणी खायची तयारी ठेवून लिहितो. रात्री झोप आली नाही की मी त्या एआयशी बोलतो. ते दमत नाही, मध्ये तोडत नाही, दुसऱ्या दिवशी आठवण काढून टोमणे मारत नाही. मला बरं वाटतं. यात वाईट काय?

कडूबोल (१०:४१)

वाईट काही नाही. पण त्याला कधी तुमची गरज पडते का? रात्री एकला फोन करून ‘गाडी बंद पडलीये, ये’ म्हणतं का?

चौकट_ब (१०:५०)

नाही. तेच तर आवडतं.

कडूबोल (१०:५२)

मग तेच तर म्हणतोय मी.

निवृत्तीनंतर (दुपारी १२:१५)

नमस्कार. वय ७१. इथे वाचनमात्रच असतो, आज राहवलं नाही.

सौ. जाऊन तीन वर्षं झाली. सगळ्या ओळखी तिच्या होत्या हे ती गेल्यावर कळलं. माणसं तिला भेटायला यायची, मी बाजूला बसून पेपर वाचायचो. पहिले दोन महिने लोक येत होते, मग थांबले. साहजिक आहे. मुलगी रोज व्हिडिओ कॉल करते, मी ‘मजेत’ म्हणतो, तीही ‘बरं’ म्हणते.

ज्येष्ठांच्या एका मंडळात गेलो. तिथे रक्तदाब आणि सुना या दोन विषयांपलीकडे गाडी जाईना. सोडलं.

मग एक दिवस स्वयंपाकघरातली ट्यूब गेली. नेहमी मीच बदलतो, पण त्या दिवशी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय थरथरायला लागला. खाली उतरलो. तासभर अंधारात बसलो, खोटं कशाला बोलू. समोरच्या दारात पंचविशीतला एक मुलगा राहतो, कानात कायम ते हेडफोन, दीड वर्षात ‘लिफ्ट धरू का’ एवढंच बोलणं. बेल वाजवली आणि म्हटलं, शिडी धरशील का जरा? त्याने हेडफोन काढले, आत आला, मला बाजूला केलं आणि स्वतःच चढला. ट्यूब बसवून खाली उतरला तेव्हा भिंतीवरचं जुनं रेडिओचं कपाट बघत उभा राहिला. म्हणाला, हे चालतं? मी म्हटलं, उघडून बघायचं असेल तर रविवारी ये.

आला. आता त्याच्या घराची एक किल्ली माझ्याकडे आहे आणि माझी त्याच्याकडे. रेडिओ अजून चालत नाही. तो दुरुस्त होऊ नये असं मला अलीकडे वाटायला लागलंय.

बाई, मी जन्मभर लोकांना मदत करत आलो, कोणाकडे काही मागितलं नाही, त्याचा अभिमान होता. मागितल्याशिवाय दार उघडत नाही हे सत्तरीत कळलं. तुम्ही चार वर्षांत कोणाकडे काय मागितलंत, तेवढं आठवून बघा.

दोनपिशव्या (१:०५)

काका, रडवलंत.

जुना_खांब (१:२०)

काका, तुमचा रेडिओ बिघडलेलाच राहो. (आज विनोद सुचत नाही.)

आकडेमोड (२:१०)

काकांच्या ‘समोरच्या दारा’वरून आठवलं. फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत केलेली पाहणी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. जवळचे मित्र कोण, हे विचारल्यावर लगतच्या दाराचं नाव घेतलं ४१ टक्क्यांनी, एक दार सोडून राहणाऱ्याचं २२ टक्क्यांनी, आणि त्याच मजल्याच्या टोकाला राहणाऱ्याचं १० टक्क्यांनी. स्वभाव, आवडीनिवडी या सगळ्यावर पायऱ्यांनी मात केली. जिना आणि टपालपेट्या यांच्याजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी जास्त, कारण येता-जाता गाठ पडायची.

सावधपाऊल (३:३५)

एक गोष्ट राहतेय म्हणून लिहिते, मी या क्षेत्रात काम करते. जॉन कासिओप्पो या मानसशास्त्रज्ञांनी एकाकीपणाला भूक-तहानेच्या जातीचा इशारा म्हटलं होतं: शरीर सांगतं, माणसं शोध. गंमत अशी की तो इशारा लांबला की उलटं होतं. मन सावध होतं, समोरच्याच्या साध्या ‘बघू’मध्येही नकार ऐकू येतो, आणि माणूस आणखी आत सरकतो. म्हणून नुसती माणसं जमवून भागत नाही. कासिओप्पो आणि सहकाऱ्यांनी उपायांच्या अभ्यासांची छाननी केली होती (२०११). त्यात गाठीभेटी वाढवण्यापेक्षा हा ‘मी नकोसाच आहे’ वाला समज तपासणारे उपाय जास्त उपयोगी ठरले.

आणि झोप उडाली, भूक गेली, कशातच मन लागेना असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते नुसतं एकाकीपण नसू शकतं. डॉक्टरांना दाखवा. @रातपाळी, तुम्हालाही सांगतेय.

रातपाळी (गुरुवार, पहाटे ३:०५)

ऐकलं ताई. भूक आहे, झोप उलटी आहे पण आहे. बोलायला माणूस हवं एवढंच.

धावपळ (सकाळी ७:१०)

@रातपाळी, गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात असतो आम्ही. तुमचं शहर हेच असेल तर कामावर जायच्या आधी या. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

तिसरा_मजला (रात्री १०:२५)

सगळे प्रतिसाद वाचले. काकांचा तीनदा.

काल रात्री बसून आठवलं, चार वर्षांत कोणाकडे काय मागितलं. यादी: चार्जर, एकदा पेन. आणि लिफ्टमध्ये ‘पाचवा दाबाल का?’, तेही मी तिसऱ्यावर राहते, पाचव्यावर पार्सल द्यायचं होतं.

आणि उलट आठवलं ते जास्त लागलं. ऑफिसात माझ्या मागच्या टेबलावर बसणारीने गेल्या वर्षी विचारलं होतं, शनिवारी घर बघायला सोबत येतेस का. मी म्हटलं होतं, ‘बघते गं.’ तिने परत विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं, कोणी मिळालं नाही म्हणून मला विचारतेय. म्हणजे मीच तिच्या फोनमधलं ‘ह’ अक्षर होते की काय.

तिला मेसेज लिहिला. पुसला. असं तीनदा झालंय.

कडूबोल (१०:३१)

आता चौथ्यांदा लिहा आणि पुसायच्या आत पाठवा.

एकांतप्रिय (१०:४४)

माझं पहिलं म्हणणं मागे घेत नाही. पण समजा तिने नाही म्हटलं, आणि आपलं शहर एक असेल, तर मी येऊन बसेन. वाचायला पुस्तक असतंच माझ्याकडे.

कडूबोल (१०:४६)

हा कोण बोलला?

जुना_खांब (१०:४७)

धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

(मधल्या तीन आठवड्यांतले लिफ्टमध्ये कुठे बघावं यावरचे सव्वीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – व्यवस्थापन)

तिसरा_मजला (शनिवार, सकाळी ११:१५)

तपासणी झाली. सूज आहे थोडी, गोळ्या दिल्यात, काळजीचं काही नाही.

मागच्या टेबलवालीच आली. मेसेजला उत्तर म्हणून तिने फक्त ‘किती वाजता’ लिहिलं. फार काही हृद्य वगैरे घडलं नाही, आधीच सांगते. ती लॅपटॉप घेऊन आली आणि बाहेरच्या बाकावर पूर्ण वेळ मीटिंगमध्ये होती. मी गुंगीत बाहेर आले तेव्हा तिने एका हाताने माझी पर्स घेतली, दुसऱ्या हाताने फोन म्यूट केला. घरी जाताना मी म्हणे तिला दोनदा सांगितलं की तुझा आवाज छान आहे. मला आठवत नाही.

तिने ते घर घेतलं. मी बघायला गेले नव्हते तेच. अर्जावर नातं लिहायची जागा असते, तिथे तिने ‘मैत्रीण’ लिहिलंय. मला दुसऱ्या दिवशी कागद चाळताना दिसलं. आकडेमोड, आमचे नऊ तास पण होणार नाहीत हो सगळे मिळून.

काल तिचा मेसेज आला: रविवारी कपाट हलवायचंय, एकटीने हलत नाही, येतेस का. मी ‘बघते’ लिहिणार होते, सवयीने. ‘किती वाजता’ लिहिलं.

निवृत्तीनंतर (११:३०)

बरं वाटलं. कपाट आधी रिकामं करून घ्या, भरलेलं ओढू नका.

रातपाळी (दुपारी ४:५५)

तिसऱ्यांदा शेडवर गेलो परवा. हाताला ग्रीस लागलंय, निघत नाहीये.

जुना_खांब (५:१०)

@तिसरा_मजला, कपाट कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे ना? आधी विचारून घ्या, मग ‘किती वाजता’ लिहा.